शालनच्या कॅसेटची दुसरी बाजू

एका कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर एक बाई इंग्रजीचा धडा शिकवते. आरंभी तिचे बोलणे संथ आणि स्पष्ट आहे. पुढे ते हळूहळू वेग घेते, आवाज बारीक होत जातो, आणि बाजू संपत येते तेव्हा ती इतक्या झपाट्याने बोलते की एकही शब्द ओळखता येत नाही. ती कोठेही अडखळत नाही. पहिल्या बाजूवर असे काहीही घडत नाही.

मित्रांनो, ही कॅसेट ज्याच्यात भरली गेली तो जुना टेपरेकॉर्डर मी आहे. मुक्काम जयपूर, विद्याधर नगरातील एका दुमजली घराची वरची खोली.

माझ्या जन्माविषयी मला फारसे सांगता येणार नाही. कारखान्यात आवाज टिपणारा भाग माझ्यात सर्वांत शेवटी बसवला गेला. त्यापूर्वीचे मी ऐकलेले नाही, आणि जे ऐकले नाही ते सांगण्याची मला सवय नाही. माझी रचना साधी आहे. एक मोटर, तिच्यावरून जाणारा रबरी पट्टा, एक बारीक पोलादी दांडी आणि तिला टेकलेले रबरी चाक. दांडी आणि चाक यांच्या चिमटीतून फीत पुढे सरकते. फीत सदैव एकाच वेगाने सरकली पाहिजे, एवढ्या एका गोष्टीवर माझे सारे काम अवलंबून आहे. मात्र स्वतःचा वेग मला स्वतःला कळत नाही. फीत सरकते आहे हे जाणवते. ती किती वेगाने सरकते हे दुसऱ्या कशाशी ताडून पाहावे लागते. माझ्या स्वभावात जी थोडी अस्वस्थता आहे तिचे मूळ येथे आहे.

मला विकत घेतले रंगनाथ यांनी. ते येथील एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत. दुकानात त्यांनी माझ्या प्रत्येक बटणाविषयी प्रश्न विचारले आणि कोणत्याच उत्तरावर पूर्ण विश्वास ठेवला नाही. घरी आल्यावर त्यांनी मला पत्नीच्या टेबलावर ठेवले आणि त्या दिवसापासून मी प्रभाताईंचा झालो.

प्रभाताई मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या, इंग्रजीच्या शिक्षिका. जयपूरच्या लष्करी छावणीत मराठी जवानांची कुटुंबे राहत. मुले इंग्रजी शाळेत जात आणि आयांना शाळेतून आलेल्या सूचना वाचता येत नसत. अशा काही बायका दुपारी बसने विद्याधर नगरला येत आणि प्रभाताई त्यांना शिकवत. अडचण अशी की धडे अर्ध्यावर येत न येत तोच कोणाच्या तरी नवऱ्याची बदली होई. प्रभाताईंनी यावर एक उपाय काढला होता. जिची बदली होई तिच्यासाठी त्या एक स्वतंत्र कॅसेट भरत. तिच्या नेमक्या चुका, तिला न सुटणारे शब्द, तिच्याच घरातली उदाहरणे. वर तिचे नाव. ती बाई ट्रंकेत भांड्यांसोबत ती कॅसेट घेऊन पुढच्या गावी जाई. एकीची कॅसेट दुसरीच्या उपयोगाची नसे. माझ्या उमेदीची वर्षे अशा कॅसेटी भरण्यात गेली आणि त्या काळात माझे कौतुकही झाले. ‘बाईंचं यंत्र’ म्हणून छावणीतल्या बायका मला ओळखत.

शालन ही त्यांच्यातलीच एक. एका हवालदाराची बायको, कोरेगावकडची. तिच्या धड्याचा विषय एकदा ‘स्पीड अप’ हा होता.

प्रभाताईंनी समजावले की येथे ‘अप’ म्हणजे वर जाणे नव्हे. वेग वाढणे, पूर्वी होता त्याहून अधिक होणे. जी बस मुळातच वेगात चालली आहे तिच्याबद्दल हा शब्द वापरायचा नाही. चौमूंहून येणारी बस गावातल्या गर्दीतून सरपटत निघते आणि मोकळ्या रस्त्याला लागली की वेग घेते, तेव्हा ती ‘स्पीड्स अप’. शिवाय या शब्दाचे दोन उपयोग आहेत. वस्तू स्वतःहून वेग घेऊ शकते, किंवा कोणी दुसरा तिला वेग देऊ शकतो. दुसऱ्या प्रकारात ‘इट’ हा छोटा शब्द आला तर तो मध्ये बसतो, ‘स्पीड इट अप’. शालन प्रत्येक वेळी तो शेवटी लावी.

“म्हणजे बाई,” शालन म्हणाली, “आमचे हे परेडला स्पीड अप. आणि घरात भाजी निवडायला बसले की?”

“त्याला निराळा शब्द आहे,” प्रभाताई म्हणाल्या. “तो उद्या.”

बायका हसल्या. शालन सर्वांत जास्त हसली.

पुढे शालनच्या नवऱ्याची बदली झाली. तिच्या कॅसेटची पहिली बाजू भरून झाली होती, तेवढ्यात प्रभाताईंच्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया ठरली. रुग्णालयात दाखल व्हायच्या दिवशीही त्या दुपारी टेबलाशी बसल्या, मला जवळ ओढले आणि दुसरी बाजू सुरू केली. खाली रिक्षा उभी होती. धडा बराच पुढे गेल्यावर रंगनाथ पिशवी घेऊन दारात आले आणि म्हणाले, “प्रभा, आटप आता. स्पीड अप.” एवढे बोलून ते जिना उतरले. धडा संपला, माझे बटण वर उचलले गेले, प्रभाताई खाली गेल्या. शस्त्रक्रियेनंतर त्या शुद्धीवर आल्या नाहीत.

काही आठवड्यांनी रंगनाथ यांनी ती कॅसेट लावली. पहिली बाजू त्यांनी पूर्ण ऐकली. दुसऱ्या बाजूवर स्वतःचे शब्द आले, त्यांच्यामागून प्रभाताईंचे धावते, चिरके, न कळणारे बोलणे सुरू झाले, आणि त्यांनी बटण इतक्या जोराने दाबले की त्याचे झाकण निखळले. शालन तोवर जयपूर सोडून गेली होती. कॅसेट तिला पाठवली गेली नाही.

येथून माझी उपेक्षा सुरू झाली, असे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुस्थिती एवढी की मला कपाटावर ठेवले गेले. उन्हाळ्यातल्या प्रत्येक आंधीने माझ्यावर वाळूचा एक पातळ थर दिला. रबरी पट्टा चिकट होऊन गळून पडला. रंगनाथ त्या खोलीत येत, खिडकी उघडत, बंद करत, पुन्हा उघडत. कधी कपाटाकडे हात नेत आणि मागे घेत. बसलेले मी त्यांना क्वचितच ऐकले. बसण्याचा आवाज निराळा असतो, खुर्ची करकरते.

वीसेक वर्षे गेली. त्यांची मुलगी देवयानी येथल्याच एका रुग्णालयात श्रवणदोषांची तज्ज्ञ आहे. लोकांना काय ऐकू येते आणि काय ऐकू येत नाही हे मोजणे हा तिचा व्यवसाय. उरलेल्या सर्व कॅसेटी संगणकावर उतरवून ठेवायच्या असे तिने या हिवाळ्यात ठरवले. तिने मला खाली काढले, पुसले, आणि बाजारातून नवा पट्टा आणून बसवून घेतला. तिची मुलगी गार्गी आठवीत आहे. गार्गीने आजीला पाहिलेले नाही. ती मराठी जपून, तुकड्यातुकड्यांनी बोलते.

रंगनाथ यांनी सर्व कॅसेटी काढून दिल्या. एक मागे ठेवली.

“हिचं काय?” देवयानीने विचारले.

“हिची दुसरी बाजू पुसायची आहे,” ते म्हणाले. “मी पुसतो. मग दे तुझ्या संगणकाला.”

कारण विचारल्यावर त्यांनी ते पाठ केल्यासारखे सांगितले. तिचा शेवटचा धडा होता. मी तिला घाई केली. तिने ते शांतपणे नाही, पळणाऱ्या माणसासारखं संपवलं. तसा आवाज मुलांसाठी ठेवायचा नाही.

ज्या बटणाने मी आवाज भरतो तेच लाल बटण जुना आवाज पुसते. त्यासाठी वेगळी खटपट लागत नाही. त्यांनी कॅसेट माझ्यात घातली, दुसरी बाजू वर केली आणि बोट लाल बटणावर ठेवले. माझ्या हाती काहीच नव्हते. मी कोणतेही बटण दाबू शकत नाही.

देवयानीने वडिलांचा हात धरला नाही. “पुसायचं तर पुसा,” ती म्हणाली. “मी एकदा ऐकते, मग पुसा. मी ही बाजू ऐकलेलीच नाही.”

त्यांनी बोट काढले. तिने दुसरे बटण दाबले. खोलीत प्रभाताईंचा आवाज आला आणि गार्गी हातातला मोबाइल खाली ठेवून ऐकू लागली. धडा ‘स्पीड अप’चाच होता, शालन ‘इट’ अजूनही शेवटी लावत होती म्हणून तिच्यासाठी पुन्हा घेतलेला. रंगनाथ खिडकीपर्यंत जात आणि परत येत. बोलणे वेग घेऊ लागले तसा त्यांच्या चालण्याचाही वेग वाढला.

“नानाजी, मतलब, आजी टू एक्सवर बोलतीये,” गार्गी म्हणाली. शाळेचे व्हिडिओ ती रोज तसेच, दुप्पट वेगाने ऐकते.

आणि मग कॅसेटमधून एक बारीक आवाज म्हणाला, प्रभा, आटप आता. स्पीड अप.

गार्गी हसली. “हा कोण लडका आहे?”

रंगनाथ थांबले. “तो मी आहे,” ते म्हणाले.

देवयानीने बटण दाबून मला थांबवले. मित्रांनो, काही दिवसांपूर्वी त्याच बोटांनी माझ्यावरची धूळ पुसली होती. आता ती माझ्यावर अगदी स्थिर होती. तिने वडिलांना सांगितले की त्यांचा आवाज असा कधीही नव्हता. ते म्हणाले, चिडलेल्या माणसाचा आवाज चढतो. ती म्हणाली, चढतो, पण चिडून कोणी बारा वर्षांचा होत नाही.

“प्रभाचाही चढला होता,” ते म्हणाले. “घाबरलेल्या माणसाचाही चढतो. यातून काही सिद्ध होत नाही.”

हे त्यांचे म्हणणे बरोबर होते. देवयानीने ते मान्य केले आणि फीत मागे नेली. या वेळी तिने गार्गीला बजावले की आजीकडे लक्ष द्यायचे नाही. आजीच्या मागे काय ऐकू येते ते सांगायचे. अशा परीक्षा ती रोज घेते. गार्गीने डोळे मिटले. बाहेर कबूतर, ती म्हणाली. एक स्कूटर. आणि घड्याळ.

त्या दुपारी प्रभाताईंच्या पाठीमागच्या भिंतीवर एक घड्याळ होते, सेकंदाला एक ठोका देणारे, साधे. मी ते टिपले होते. मी सर्वच टिपतो. त्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते, कारण धडा ऐकणारा घड्याळ ऐकत नाही. आता तिघांनी ते ऐकले. धड्याच्या आरंभी ठोके ठरल्याप्रमाणे पडत होते. पुढे ते जवळ जवळ येऊ लागले. आणि रंगनाथ यांचे शब्द येण्यापूर्वीच, बऱ्याच आधीपासून, ते भराभर पडत होते.

“आईला घाई होऊ शकते,” देवयानी म्हणाली. “घड्याळाला कसली घाई?”

रंगनाथ यांनी लगेच शंका काढली. घड्याळ बिघडलेले असेल. मग स्वतःच तिचे उत्तर दिले: सेल उतरला की घड्याळ मागे पडते, पुढे धावत नाही. दुसरी शंका, नव्या पट्ट्यामुळे मीच जलद चालत असेन. मग पहिली बाजू आणि बाकीच्या कॅसेटीही जलद वाजायला हव्या होत्या. त्या तशा वाजत नव्हत्या. तिसरी शंका काढण्यासाठी त्यांनी तोंड उघडले आणि ते पहिल्यांदाच खुर्चीवर बसले.

“ती हे लाइटीवर भरत नव्हती,” ते हळूच म्हणाले.

लाइटीवर भरले की आवाजात वीज गुणगुणते, अशी प्रभाताईंची तक्रार असे. म्हणून त्या नेहमी मोठ्या सेलवर भरत आणि भरलेले तपासताना मात्र मला विजेवर लावत. सेल उतरले की त्या फेकत नसत. गच्चीच्या कठड्यावर, पापडांच्या शेजारी, उन्हात मांडत. जयपूरच्या उन्हात तापलेला सेल काही काळ नव्यासारखा वागतो आणि मग एकदम ढेपाळतो. रंगनाथ यांनी प्रभाताईंना हे अनेकदा समजावले होते आणि त्यांनी ते अनेकदा ऐकून घेतले होते.

देवयानी म्हणाली की मग उलगडा झाला. रंगनाथ म्हणाले, झाला नाही; हा अंदाज आहे. त्यांनी घरातले दोन टॉर्च उघडून उतरलेले सेल काढले, दुसऱ्या दिवशी गच्चीत तापवले, माझ्यात घातले आणि वर्तमानपत्रातला बगरूच्या छापील कापडावरचा एक लांबलचक लेख एका लयीत वाचला. वाचताना ते एका जागी बसून होते. नंतर त्यांनी सेल काढून मला विजेवर लावले. लेखाच्या आरंभी एक सत्तरी ओलांडलेले प्राध्यापक बोलत होते आणि शेवटी कालचा तोच ‘लडका’. गार्गीला हसू आवरेना. रंगनाथही हसले, पण ते हसणे मध्येच तुटले.

राहिले होते ते न कळणारे शेवटचे बोलणे. देवयानीने ते संगणकावर संथ करून देते असे सांगितले. ते म्हणाले, नको, यावरच. माझ्या मोटरीच्या मागे वेग जुळवण्याचा एक बारीक स्क्रू आहे. त्यांनी माझे मागचे झाकण काढले, पेचकस स्क्रूवर टेकवला आणि मनगटावरचे चालू घड्याळ कानाशी धरले. कॅसेटमधले ठोके आणि मनगटावरचे ठोके जुळत राहतील असा ते तो स्क्रू कणाकणाने फिरवत राहिले. माझी मोटर मंदावत गेली. मंदावणे मला या वेळीही कळले नाही; मी केवळ त्यांच्या हाताचा दाब जाणत होतो.

रंगनाथ यांचे शब्द त्यांच्याच आवाजात आले. त्यानंतर प्रभाताईंचा आवाज आला, संथ, किंचित हसरा.

“शालन, हे आमचे साहेब. ऐकलंस ना? चांगलं वाक्य मिळालं. माय हजबंड वॉन्ट्स मी टु स्पीड अप. तू म्हण. मी थांबते.” मग खरोखरच एक विराम होता, शालनने वाक्य म्हणावे एवढा. “शाब्बास. आता रिक्षावाला थांबेल, हेही थांबतील. तुझा ‘इट’ मध्ये बसल्याशिवाय मी उठत नाही.”

आणि त्यांनी तो धडा पुन्हा पहिल्यापासून घेतला.

फीत संपली. मनगटावरचे घड्याळ अजून कानाशी होते. गार्गीने विचारले, “नानाजी, तुम्ही नीचे किती वेळ थांबलात?”

त्यांनी मनगट कानापासून खाली घेतले. “खूप,” ते म्हणाले. “रिक्षावाल्याने चहा मागवला. मला दिला. मी विसरलोच होतो.”

देवयानीने दुसरी बाजू संगणकावर उतरवून घेतली आणि शालनचा पत्ता कोणाकडून मिळेल याची चौकशी सुरू केली आहे. माझी विनंती एवढीच की काम झाल्यावर यंत्राच्या पोटात सेल विसरू नका, ते पाझरतात आणि पत्रा खातात. आणि कोणतीही बाजू पुसण्यापूर्वी ती शेवटपर्यंत ऐका.

आता कारण. दुसऱ्या बाजूवर प्रभाताई घाईत बोललेल्या नाहीत. उन्हात तापवलेले सेल धडा भरताना उतरत गेले आणि फीत पुढे सरकवण्याचा माझा वेग कमी होत गेला. पुढे विजेवर लावल्यावर तीच फीत मी पूर्ण वेगाने फिरवली, म्हणून जे संथ बोलले गेले होते ते जलद आणि बारीक ऐकू आले. हा बदल रंगनाथ दारात येण्यापूर्वी सुरू झालेला होता. त्यांच्या शब्दांचा त्याच्याशी काही संबंध नाही.